'गाडी चुकली' ते 'गाडी घेतली'

मुंबईच्या महाविद्यालयांत पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याचे कारण पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते : 'गाडी चुकली'. या वाक्यातील गाडी म्हणजे लोकल, हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे. आगगाडीतील 'आग' वाफेच्या इंजिनाबरोबर गेली आणि उरलेली 'गाडी' मुंबईकराने लोकलला देऊन टाकली. पुण्यात हाच शब्द दुचाकीच्या वाट्याला आला. 'गाडीवर ये' असे पुणेकर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रूळ नसतात. गेल्या दोन-अडीच दशकांत मुंबईतही हा शब्द सरकू लागला आहे. 'त्याने गाडी घेतली' असे आज म्हटले तर मोटारच घेतली असे समजतात. नामाबरोबर क्रियापदेही बदलली. जुनी गाडी पकडायची असे किंवा चुकायची असे; नवी गाडी घ्यायची, काढायची आणि लावायची असते. पकडण्याची गाडी कुणा एकाची नसते. घेण्याची गाडी आपली असते, आणि आपली म्हटली की ती ठेवायची कुठे हा प्रश्नही आपला व्हायला हवा. तो तसा झाला नाही, हेच आमच्या प्रस्तुत विवेचनाचे निमित्त.

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला मोटार घेऊन द्यावी का, ही चर्चा एके काळी मलबार हिलच्या बंगल्यांपुरती होती. आज ती अँटॉप हिलच्या इमारतींत होते. चर्चेचे मुद्दे बहुधा हप्ता, पेट्रोल, आईची काळजी आणि मित्राकडे आहे हे कारण, एवढेच असतात. आम्ही शिक्षक म्हणून ही चर्चा कधी पालकांच्या तोंडून ऐकतो, कधी मुलांच्या. दोन्ही बाजू ती पूर्णपणे घरगुती मानतात. आमच्या मते या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून दिलेले उत्तर केवळ ऐपतीचे किंवा आवडीचे उत्तर ठरते.

ज्या वस्तीत हा प्रश्न विचारला जातो ती आधी पाहू. टेकडीचे नाव अंतोबा नामक कुणा जमीनदारावरून पडले असे सांगितले जाते. पूर्वेकडे मिठागरांची खार जमीन, उत्तरेला शीव कोळीवाडा, फाळणीनंतर तेथे वसलेले पंजाबी-सिंधी निर्वासित, मग केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत, संक्रमण शिबिरे, झोपडपट्ट्या आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या पुनर्वसनाच्या इमारती, असा हा थरांवर थर चढलेला भाग आहे. मुंबईत वाहनांशी संबंधित जे जे अवजड, ते ते याच्या आसपास आणून ठेवलेले दिसते. ट्रक टर्मिनल येथे, त्या परिसरातच गाड्यांच्या पाट्यांवर 'एमएच ०३' उमटवणारे वडाळ्याचे परिवहन कार्यालय, बेस्टचे आगार जवळ, मोनोरेलचे आगार जवळ, आणि जून २०१३ मध्ये खुला झालेला पूर्व मुक्तमार्गही जवळूनच जातो. आता महाविद्यालये पाहा. माटुंग्याची रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय, रसायन तंत्रज्ञान संस्था ही सगळी दोन-तीन किलोमीटरांच्या टप्प्यात; शीवचे एसआयईएस तसेच; वडाळ्याचे विद्यालंकार तर पायाखालीच. म्हणजे मुंबईत ज्या विद्यार्थ्याला मोटारीची गरज सर्वांत कमी, त्याच्याच डोळ्यांसमोर ती सर्वांत जास्त असते.

विद्यार्थ्याची मोटार हा वादाचा विषय प्रथम परदेशांत झाला. पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये श्रीमंत घरांतील मुलांच्या मोटारी दिसू लागल्या, आणि तेथील शिस्तपालक प्रॉक्टरांना एक नवे काम मिळाले. ऑक्सफर्डमध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या मोटारीवर हिरवा दिवा असला पाहिजे, असा नियम झाला. रात्री रस्त्यावरून जाणारी गाडी विद्यार्थ्याची आहे हे दुरूनच कळावे, एवढाच त्याचा हेतू. केंब्रिजने ग्रेट सेंट मेरी या चर्चपासून दहा मैलांच्या परिघात विद्यापीठाच्या परवान्यावाचून विद्यार्थ्याला मोटार ठेवण्यास मनाई केली. अमेरिकेत, मोटारींच्या मायदेशात, मिशिगन विद्यापीठाने १९२७ मध्ये विद्यार्थ्यांच्या मोटारींवर बंदी घातली. क्लॅरेन्स कुक लिटल हे तेव्हा तेथील अध्यक्ष होते. डेट्रॉइट हे मोटारींचे माहेरघर हाकेच्या अंतरावर असताना ही बंदी घातली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अपघात, अभ्यासाची हेळसांड आणि गाव सोडून भटकणे ही त्यामागची चिंता होती. कामासाठी किंवा अन्य सबळ कारणासाठी गाडी लागणाऱ्यांना सवलत मिळे.

या नियमांकडे पाहून हसू येते खरे. हिरव्या दिव्याची कल्पना एखाद्या प्रहसनात शोभावी अशी आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही : विद्यार्थ्याची मोटार ही त्याची व त्याच्या वडिलांची खासगी बाब नसून ज्या गावात ती फिरते आणि थांबते त्या गावाचीही बाब आहे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीने वसतिगृहातील विद्यार्थ्यांना स्वयंचलित वाहन ठेवू न देण्याचे धोरण स्वीकारले. तेथील मुले सायकलींवर किंवा पायी फिरतात, आणि त्यामुळे कुणाचे अभियांत्रिकीचे शिक्षण अडलेले नाही.

मुंबई शहरातील महाविद्यालयांना मात्र असा बंदीहुकूम काढण्याची पाळी आली नाही. याचे श्रेय मुंबईकरांच्या साधेपणाला देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. कारण सरळ आहे. या शहरात विद्यार्थ्याच्या आधी वाहन आले होते. विद्यापीठ १८५७ चे. पहिली आगगाडी त्याच्या चार वर्षे आधीची, १६ एप्रिल १८५३ ची. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावू लागली. तेव्हा गिरगाव-ठाकुरद्वारच्या चाळींतून कोटातल्या महाविद्यालयांत जाणारा मुलगा चालतच जात असे. विल्सन महाविद्यालय १८८९ मध्ये गिरगाव चौपाटीवर आल्यावर तर त्याला चालायलाही फारसे उरले नाही. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. त्याआधीच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, देशातील पहिली विजेवरची आगगाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. आज अँटॉप हिलचा विद्यार्थी गुरू तेगबहादूर नगर स्थानकावर उभा राहतो तो याच मार्गावर.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परळच्या चाळीतील एका खोलीत राहून एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी १९१२ मध्ये बी. ए. झाला. भीमराव आंबेडकरांच्या त्या खोलीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परळ ते काळा घोडा या अंतराबद्दल फारसे नाही. परळहून कोटापर्यंतचा प्रवास ट्राम आणि रेल्वे यांनी गरिबाच्या आवाक्यात आणला नसता, तर चाळीतला मुलगा आणि एल्फिन्स्टनचा वर्ग यांची गाठ किती अवघड झाली असती, याचा विचार आपण करत नाही. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग चालवले, त्या वेळापत्रकातही हाच हिशेब होता : वर्ग, मग नोकरी, आणि दोन्हींना जोडणारी स्वस्त गाडी.

दुसरी घटना आम्हांला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिची चर्चा वाहतुकीच्या संदर्भात कधी होत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा-वडाळा-शीव या भागांची आखणी केली. रुंद रस्ते, झाडे, दोन-तीन मजली इमारती, मध्ये पाच बागा. मध्यमवर्ग उत्तरेकडे सरकला आणि त्याच्या मागोमाग महाविद्यालये सरकली. व्हीजेटीआय १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आले. रसायन तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ चा, रुईया आणि खालसा १९३७ ची, पोदार १९४१ चे. म्हणजे विद्यार्थ्याला कोटात नेणारे वाहन अधिक वेगवान करण्याऐवजी महाविद्यालयच विद्यार्थ्याच्या दारी आणून ठेवले गेले. कुणी बसून असा ठराव केला असेल असे नव्हे. जमीन मिळाली, वस्ती होती, देणगीदार होते. पण परिणाम असा झाला की हिंदू कॉलनीतला मुलगा दहा मिनिटांत चालत वर्गात पोहोचे. वाहतुकीचा याहून स्वस्त उपाय आजवर कुणाला सापडलेला नाही. ट्रस्टच्या रस्त्यांची रुंदी मोटारी लावण्यासाठी नव्हती, हेही येथेच नोंदवून ठेवू. प्लेग पाहिलेल्या शहराला हवा आणि उजेड हवा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या काळाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या मोटारी कुर्ल्याला, म्हणजे अँटॉप हिलपासून अगदी जवळ, तयार होत. पण त्या मिळवायच्या तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कुर्ल्यात तयार झालेली फियाट अँटॉप हिलच्या बहुतेक रहिवाशांना भेटली ती टॅक्सीच्या रूपात, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिला वयोमर्यादेनुसार निरोप मिळाला तेव्हाही लोकांनी डोळे पुसले ते टॅक्सीसाठीच. खासगी मोटार ही मराठी कादंबरीतल्या आणि हिंदी चित्रपटातल्या कॉलेजकुमाराची. पडद्यावर नायकाने महाविद्यालयाच्या फाटकातून मोटार आत आणली की पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात आपले काही आहे असे वाटत नसे. स्वित्झर्लंडच्या बर्फासारखीच तीही एक गोष्ट. आपल्याजवळ निम्म्या दराचा पास असे. तो मिळवण्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयात कन्सेशनच्या अर्जावर शिक्का घ्यावा लागे, आणि त्या खिडकीसमोरच्या रांगेत निरनिराळ्या जातींची, भाषांची आणि ऐपतींची मुले एकमेकांना जेवढी ओळखत, तेवढी वर्गात ओळखत नसत. विद्यार्थ्याचा महिन्याचा पास बऱ्या हॉटेलातील एका जेवणापेक्षा अजूनही स्वस्त पडतो.

पुण्याशी तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. पुण्याला लोकल नव्हती, शहरबस अपुरी होती. म्हणून तेथील विद्यार्थी प्रथम सायकलीवर बसला, मग १९७० च्या दशकात लूनावर, मग स्कूटरवर. सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे एका पिढीत दुचाकींचे शहर झाले. पुणेकर विद्यार्थी मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा चैनखोर होता असे म्हणता येणार नाही. त्याला दुसरा मार्ग दिला गेला नव्हता. वाहन ही सवय असते असे आपण म्हणतो. ती सवय शहर लावते.

मग मुंबईची सवय का बदलू लागली? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर कर्जे सुलभ झाली, हे देशभर घडले. मुंबईत त्याला रस्त्यांची जोड मिळाली. विल्बर स्मिथ कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईसाठी पश्चिम व पूर्व किनाऱ्यांलगत मुक्तमार्ग सुचवले होते. ते कागदावर राहिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना आली. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, मग २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग. सागरी सेतूवर आणि मुक्तमार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षिततेचे कारण त्यामागे आहे आणि ते खोटे नाही; परंतु अँटॉप हिलच्या तरुणाने त्यातून काय वाचावे? त्याच्या घराजवळून जाणारा सर्वांत चांगला रस्ता त्याच्या स्कूटरसाठी नाही, मोटारीसाठी आहे. वडिलांकडे मोटार मागणाऱ्या मुलाला हट्टी म्हणताना, त्याला हा धडा सार्वजनिक पैशाने शिकवला गेला आहे हे विसरू नये.

त्याच काळात पकडण्याच्या गाड्या मात्र क्षीण होत गेल्या. बेस्टच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या; दीड दशकात ती संख्या तीन हजारांच्या खाली गेली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी परतले, पण बस वाढल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले. मोनोरेलची कथा अँटॉप हिलला अधिक जवळची. फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा आगार ते चेंबूर आणि मार्च २०१९ मध्ये पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत ती धावू लागली. अँटॉप हिल नावाचे स्थानकही तिला मिळाले. पण दोन फेऱ्यांतील अंतर असे की विद्यार्थ्याने तेवढ्या वेळात चालत निघावे. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या दरम्यान ती हवेत अडकली आणि अग्निशमन दलाने पाचशेहून अधिक प्रवाशांना शिड्या लावून उतरवले. पुढच्याच महिन्यात, २० सप्टेंबरपासून, सुधारणांसाठी तिची सेवा थांबवण्यात आली.

लोकलविषयी लिहिताना आम्हांला अधिक जपून लिहावेसे वाटते. लोकलच्या समाजजीवनावर भाबडे लेख पुष्कळ झाले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत; त्यांत रूळ ओलांडणारे बरेच, पडणारेही बरेच. जिची मुलगी रोज संध्याकाळच्या गर्दीत कुर्ल्याला गाडी बदलते, त्या आईने मोटारीचा विचार केला तर तिला सार्वजनिक वाहतुकीचे महत्त्व सांगण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही. मुलींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. या शहरात मुली मोठ्या संख्येने महाविद्यालयात गेल्या त्या बायकांच्या डब्यातून गेल्या. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष गाडी सुरू झाली, तीही त्या वाढत्या संख्येची दखलच. बायकांच्या डब्यातून जाणारी मुलगी कुठे उतरते, किती वाजता परतते, हे तिचे ती ठरवते. वडिलांनी दिलेल्या मोटारीची किल्ली वडिलांकडेही राहते, आणि मोटारीबरोबर चालक आला तर प्रश्नच मिटला.

आता मोजमापाकडे वळू. १९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीने एका मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर गुणिले साडेपाच मीटर धरले आहे. म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर. जुन्या हिशेबाने जवळजवळ १४८ चौरस फूट. गाडी फिरवायची, वळवायची जागा यात नाही. आता दुसरे माप. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि त्याने नायगाव, वरळी, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळीतली एक खोली १६० चौरस फुटांची. आई-वडील, आजी, काका, तीन-चार मुले, आणि त्यांतले एखादे मॅट्रिकला किंवा इंटरला. गिरणगावातून शिकून वर आलेल्या कितीतरी माणसांचे शिक्षण या १६० फुटांत, खरे म्हणजे त्यातल्या खाटेखालच्या जागेत झाले. विद्यार्थ्याच्या मोटारीला नियमाने जेवढी जागा लागते तेवढ्यात एक कुटुंब राहत असे, ही अतिशयोक्ती नाही, बारा फुटांचा फरक आहे. अँटॉप हिलच्या पुनर्वसनाच्या इमारतींत घर २२५ चौरस फुटांचे, पुढे २६९ चे, मग ३०० चे झाले. तीन दशकांच्या धोरणबदलांनी माणसाच्या घरात पंच्याहत्तर फुटांची भर पडली. मोटारीला तिचे १४८ फूट रस्त्यावर विनाशुल्क मिळत राहिले.

विनाशुल्क हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरत आहोत. विद्यार्थ्याची मोटार दिवसातून तासभर चालते. उरलेले तेवीस तास ती उभी असते. काही तास महाविद्यालयाच्या बाहेरच्या रस्त्यावर, बाकीचे घराबाहेरच्या रस्त्यावर. हप्ता आणि पेट्रोल यांचा हिशेब घरात होतो. या तेवीस तासांचे भाडे कुणीच मांडत नाही, कारण ते पदपथावरून उतरून चालणारी म्हातारी भरते. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास अवैध रीतीने लावलेल्या गाड्यांना पाच हजारांपासून पुढे दंड आकारायला सुरुवात केली तेव्हा केवढा गहजब झाला! २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी, गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला नसेल तर नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, असे धोरण आणण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हाही तेच. शहरातील वाहनांनी चाळीस लाखांचा आकडा केव्हाच ओलांडला आहे. जपानमध्ये असा दाखला १९६० च्या दशकापासून मागितला जातो, आणि जपान मोटारींचा शत्रू आहे असे कुणी म्हणणार नाही.

आमचे उत्तर असे की अँटॉप हिलच्या विद्यार्थ्याने मोटार ठेवू नये. ज्याला चालणे किंवा जिना चढणे शक्य नाही त्याने जरूर ठेवावी; आपली स्थानके आणि आपली महाविद्यालयेही अपंग विद्यार्थ्याला अजून सामावून घेत नाहीत, तोवर त्याच्या मोटारीकडे बोट दाखवणे निर्दयपणाचे होईल. ज्याचे पोट वाहनावर चालते त्याचीही गोष्ट वेगळी. सकाळी वर्गात डुलक्या घेणारी काही मुले रात्री दुचाकीवरून घरोघर जेवणाची पाकिटे पोहोचवून आलेली असतात. मिशिगनच्या १९२७ च्या बंदीतही कामासाठी वाहन लागणाऱ्याला सवलत होती, एवढे शहाणपण त्या अध्यक्षांजवळ होते.

मोटार चालवायला शिकू नये असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अठरा पूर्ण झाली की वडाळ्याच्या कार्यालयात जाऊन परवाना काढावा. त्या रांगेत उभे राहणाऱ्या अनेक मुलांना परवाना हा टॅक्सीचा, शाळेच्या बसचा, टेम्पोचा, म्हणजे रोजगाराचा दाखला असतो. आपल्या वर्गमित्राला तो हौसेचा असतो, हा फरक त्या रांगेत जितका कळतो तितका व्याख्यानात कळत नाही. अठराच्या आतल्यांविषयी बोलायचे तर, १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध घातला. निबंध तपासण्यात आमची उमेदीची वर्षे गेली आहेत. या साहित्यप्रकाराची एवढी बेअब्रू आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

शेवटी एका रस्त्याविषयी. वरळीला बीडीडी चाळींजवळ, पोदार रुग्णालयाच्या बाजूला, सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. टपालाला ते नाव पुरते. लोक त्याला 'अभ्यास गल्ली' म्हणतात. एकशेसाठ फुटांच्या खोलीत जागा आणि शांतता नसलेली मुले कित्येक दशकांपासून संध्याकाळी तेथे येतात, दिव्याच्या खांबाखाली बसतात आणि परीक्षांचा अभ्यास करतात. कुणी चटई आणतो, कुणी घरून खुर्ची. महापालिकेनेही पुढे तिची डागडुजी व सुशोभन केले. रस्त्याची कड माणसाने वापरण्याचा हा एक प्रकार. वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या साडेपाचशेहून अधिक घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या. नवे घर पाचशे चौरस फुटांचे आहे, इमारतींना वाहनतळही आहेत. तिथली मुले आता घरातच अभ्यासाला बसू शकतील, आणि गल्लीतल्या दिव्याखालची ती जागा रिकामी होईल. तिथे उद्या काय लावले जाते, ते पाहायला आम्ही अधूनमधून जाणार आहोत.